अठरा ठिकाणी मेलेला एकच बेडूक

पेणला राहतो म्हटलं की समोरचा माणूस पुढचं काही विचारतच नाही. थेट म्हणतो, "मग यंदा किती मूर्ती?" जोह्याला माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना, हमरापूरला मेव्हण्याचा, आणि सख्खा भाऊ डोळ्यांची आखणी करतो. तो असा हात चालवतो की मूर्ती पापणी लववील की काय, अशी भीती वाटते. अख्ख्या घराण्यात मी एकटाच बिनगणपतीचा निघालो. मी भिंती करतो. भिंती, जमिनी, पत्रे, गंज, चिखल, शेवाळ. तेही फोटोतले. पेणच्या बाजारात मला 'भिंतवाला विनायक' म्हणतात आणि माझे सासरे अजूनही पाहुण्यांना "जावई गवंडीकामात आहेत" असं सांगून विषय मिटवतात.

पूर्वी माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. मग प्रत्येक वऱ्हाड्याच्या खिशात कॅमेरा आला, आणि नवरा-नवरीकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढायची पद्धत पडली. तेव्हा मी ठरवलं की यापुढं फोटो काढायचा तर अशाचाच, जो स्वतःचा फोटो स्वतः काढू शकत नाही. भिंत त्यात पहिल्या नंबरात बसली. भिंत "मी जाड दिसते" म्हणत नाही. भिंतीची आत्या रुसत नाही.

धंदा सोपा आहे, सांगतो. तुमच्या घरात कुणीतरी मोबाइलवर बंदूक घेऊन ज्या पडक्या गल्लीतून पळत असतं, त्या गल्लीची भिंत कुठल्यातरी खऱ्या भिंतीच्या फोटोवरून केलेली असते. आर्किटेक्ट गिऱ्हाइकाला अजून न बांधलेला बंगला पडद्यावर दाखवतो, त्याचा जांभा दगडही तसाच. जगातल्या निम्म्या अशा भिंती मी केल्या आहेत. (निम्म्या नसतील. पण मोजायला कोण जातंय?) भिंत मोठी आणि फोटो लहान. अख्ख्या भिंतीचा फोटो घातला तर कॉम्प्युटर धापा टाकतो. म्हणून दोन हात भिंतीचा चौकोनी फोटो घ्यायचा आणि लादीसारखा एकाशेजारी एक लावत जायचा. पण नुसता लावला तर दर दोन हातांवर जोड दिसतो. त्यावर उपाय असा, की फोटो मधोमध चिरायचा. डावा भाग उजवीकडे सरकवायचा, उजवा डावीकडे, वरचा खाली, खालचा वर. आता बाहेरच्या कडा एकमेकींना आपोआप जुळतात आणि सगळं भांडण फोटोच्या मध्यभागी बेरजेच्या खुणेसारखं येऊन उभं राहतं. ते मिटवायचं. इकडचा थोडा दगड उचलून तिकडं, तिकडची माती इकडं. भाऊबंदकीत बांध सरकवतात, तसं.

जोड मिटवणं हे शिकाऊ माणसाचं काम झालं. खरी कला पुढं आहे. लक्षात राहील असं काहीही लादीत राहता कामा नये. एक खिळा राहिला की भिंतभर खिळ्यांची पलटण कवायतीला उभी राहते. पानाची एक पिंक राहिली की अख्ख्या गावानं एकाच उंचीवर, एकाच कोनात थुंकल्यासारखं दिसतं. म्हणून मी दिवसभर काय करतो, तर जे जे नजरेत भरेल ते शोधून काढतो आणि नाहीसं करतो. सरकारी खात्यात असतो तर फार वर चढलो असतो.

माल गोळा करायला मात्र हिंडावं लागतं, आणि तेही मळभ असताना. ऊन पडलं की सावली आली, आणि सावली सगळी पोल उघडी पाडते. धरमतरच्या जेट्टीवर एका बार्जच्या गंजाचे फोटो मी सकाळपासून दुपारपर्यंत काढत होतो. शेवटी तिचा तांडेल कठड्यावरून वाकला. "काय रं, बायको बघायला आल्यावानी बघतंस! पसंत हाय का नाय, सांग एकदा." खाडीकाठच्या मिठागरात तर माझी बॅग उघडायच्या आत पंधरा बाया गोळा झाल्या. "आले गो, मोजनीवाले आले!" आमच्या जिल्ह्यात जमिनीचा फोटो काढणारा माणूस दोनच प्रकारचा असतो, दलाल नाहीतर मोजणीवाला. मी हात जोडले. म्हटलं, "मावशी, मला जमीन नको. नुसत्या चिखलाच्या भेगा पाहिजेत." त्यातली एक म्हणाली, "भेगा? मंग माज्या टाचांच्या बी घेऊन जा की. त्या तर चिखलाच्या आधीपासून हायेत." मी घेतल्या. खोटं नाही सांगत. कुठल्यातरी परदेशी खेळातलं एक अख्खं वाळवंट त्या टाचांवर उभं आहे.

ठमीआजी भेटली ती अशाच हिंडण्यात. रोह्याच्या अलीकडं निडी स्टेशन आहे. तिथं उतरून डोंगराकडं चालायला लागलं की पाऊण तासानं डांबर संपतं, आणि डांबर संपल्यावर पाऊण तासानं तिची वाडी येते. वाडीचं नाव सांगत नाही. पुढं कळेलच का. मला एका कंपनीला शेणानं सारवलेली जमीन द्यायची होती, आणि मोजून सात गावांत मला फक्त चकचकीत लाद्या सापडल्या होत्या. ठमीआजीच्या अंगणात मात्र सारवण होतं, आणि ते असं होतं की पाय ठेवायला लाज वाटावी. हाताचे अर्धगोल एकात एक गुंफलेले. कुठं सुरुवात केली आणि कुठं संपवलं, हे शोधून सापडेना. आयुष्यभर जोड मिटवणारा मी तिथं उकिडवा बसून जोड शोधत राहिलो.

"काय हरवलं रं?" तिनं विचारलं.

"आजी, जोड कुठाय?"

"जोड सरळ ठेवशील तर दिसंल. येक हात दुसऱ्याच्या पोटात घालायचा. आनी मागं मागं सरकत यायचं, दारापातूर. सारवनारीचा पाय उमटला, तर ती सारवनारी कसली?"

कॉम्प्युटरच्या क्लासात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी जोड सरळ रेषेत कधी मिटवला नाही. वाकडा, अर्धगोल, एकाच्या पोटात दुसरा.

तिच्या अंगणाची लादी तयार झाल्यावर मी ती लॅपटॉपवर पसरून तिला दाखवायला गेलो. अख्खा पडदा भरून सारवण. तिनं डोळे बारीक केले आणि एक बोट पुढं आलं. "ही काडी." बोट सरकलं. "ही बी तीच. ही बी तीच." मी घामाघूम. गवताची नखाएवढी काडी मी सोडली होती, आणि ज्या कंपनीनं माल आधीच पास केला होता तिच्या पाच इंजिनिअरांना ती दिसली नव्हती. त्यानंतर अवघड लादी असली की मी ती घेऊन वाडीवर जायचो. मशेरीचा एक पुडा दिला की तपासणी व्हायची. तिचं बोट हललं नाही, तर माल पास.

पण मी तिच्याकडं चालत जायचो, हे लक्षात ठेवा. पेणपर्यंत येणं तिला झेपणारं नव्हतं. एकदा पाय मोडून घेतला तेव्हा तिला बांबूला चादर बांधून डोंगरातून खाली न्यावं लागलं. तो पाय आखूडच जोडला गेला. ती सांगायची, "मेल्यावर मानसाला चौघं नेतात. मला जित्ती असताना आठांनी नेलं. तेबी भोपळ्यावानी लटकवून. आनी समदे दमले म्हनून मलाच शिव्या!" वाडीला रस्ता मंजूर झाला होता. कागद आला होता, फलक लागला होता, फलकावर वेल चढली होती. आजी दर खेपेला विचारायची, "तू पेनला ऱ्हातोस. आमचा रस्ता कुटवर आलाय, काय ऐकलंस?" जणू तो पेणहून चालत निघाला होता.

आता आले ठेकेदारशेठ. पांढरा शर्ट, पांढरे बूट, पांढरी गाडी. बाकी सगळं काळं. माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "फाइलीला तीन फोटो लागतात. कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि काम झाल्यावरचा. पहिला आपल्याकडं आहे. तिसरा तुम्ही करा. दुसऱ्याचं बघून घेतो आपण."

"तिसरा म्हणजे?"

"म्हणजे काम झाल्यावर कसं दिसेल, ते. फलकाला पण लावायचाय, मोठा."

आणि त्यांनी पहिला फोटो पुढं केला. तांबडी पायवाट, दोन्ही बाजूंना ऐनाची झाडं, पुढं एक वळण. अशी वळणं आमच्याकडं शेकड्यांनी आहेत. कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं, एवढंच. मी विचारलं नाही. इतकी वर्षं दिसणाऱ्या गोष्टी नाहीशा करून करून माझ्या डोळ्यांना एक सवय लागली आहे. जे ओळखायचं नसतं, ते त्यांना ओळखू येत नाही. ही सबब नाही. सबब असती तर याहून चांगली रचली असती, मला ओळखणारे सांगतील.

पहिली अडचण आली डांबराची. लादीला दोन मीटर सलग, बिनखड्ड्याचं डांबर लागतं. पेण तालुका मी तीन दिवस पालथा घातला. रोहा तालुक्यात दोन दिवस. खड्डे इतके की त्यातल्या काहींना लोकांनी नावं ठेवलेली. शेवटी एका पुढाऱ्याच्या फार्महाउसच्या फाटकासमोर असं डांबर मिळालं, की त्यात बघून दाढी करावी. मळभ होतं. फोटो काढला, घरी आलो, भरपेट कोंबडी-वडे जेवलो आणि कामाला बसलो.

आणि रस्ता बांधला. अर्ध्या दिवसात. खडी नाही, रोलर नाही. दोन मीटर डांबरातून मी दीड किलोमीटर रस्ता ओढून काढला, पायवाटेवर अंथरला, वळणावर वळवला, कडेला पांढरे पट्टे मारले. असा रस्ता कोकणात आजवर झालेला नाही. मी बांधलेला तो माझ्या आयुष्यातला एकमेव रस्ता, आणि त्याच्यावरून कुत्रंसुद्धा चाललेलं नाही.

लोकार्पण ग्रामपंचायतीच्या अंगणात ठेवलं होतं. रस्त्यावर का नाही, असं एकानं विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, "रस्त्यावर चिखल आहे." कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझा फोटो पंधरा फुटी फ्लेक्सवर छापून भिंतीला लावला होता, वर हसऱ्या मुंडक्यांची रांग. फ्लेक्ससमोर फीत बांधलेली. म्हणजे फीत कापायची आणि रस्त्याच्या चित्राकडं बघून टाळ्या वाजवायच्या. तालुक्याहून एक साहेब आले होते. चहा-भजी होती. समारंभाचे फोटो काढायला मलाच बोलावलं होतं. आणि लाभार्थी हवेत म्हणून वाडीची माणसं टेम्पोतून आणली होती. टेम्पो वर चढेना, म्हणून ती टेम्पोपर्यंत पाऊण तास चालत आली होती. टेम्पोतून उतरलेलं पहिलं माणूस म्हणजे काठी टेकत लंगडणारी ठमीआजी.

मी पुन्हा फ्लेक्सकडं पाहिलं. ते वळण मला एकदम ओळखू आलं. आणि हेही कळलं, की झालेला रस्ता पुन्हा मंजूर होत नसतो. साहेबांनी फीत कापून फाइलीवर सही केली की वाडीचा रस्ता कागदावर कायमचा झाला. आणि मी मात्र कॅमेऱ्याच्या मागं उभा राहून लेन्स पुसत होतो.

आजी थेट फ्लेक्सपाशी गेली. डोळे बारीक केले. बोट पुढं आलं. ते बोट मी ओळखत होतो.

"ह्यो बेडूक," ती म्हणाली.

सगळे बघायला लागले. डांबराच्या मधोमध चिरडून वाळलेला, डांबराइतकाच काळपट, पापडासारखा एक बेडूक होता. बोट सरकलं. "ह्यो बी तोच. ह्यो बी तोच." मागून वाडीच्या बाया मोजायला लागल्या. वळणापर्यंत अठरा भरले. सगळ्यांचा उजवा पाय एकाच बाजूला मुडपलेला. आजी वळली आणि अख्ख्या अंगणात तिला एकच ओळखीचा चेहरा दिसला.

"अरं इनायका, येकच बेडूक अठरा ठिकानी कसा मेला?"

साहेबांनी कपबशी खाली ठेवली. "विनायक कोण?"

शेठ हुशार. चटकन म्हणाले, "साहेब, डोंगरपट्टा आहे. बेडूक फार. गाड्यांखाली येतात बिचारे."

"गाड्या सुरू पण झाल्या?"

"ट्रायलच्या गाड्या, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. खरंच सांगतो, डोलावली. पेन खिशातून बाहेर आलं. आणि इथं तुम्हाला वाटत असेल की माझा सद्सद्विवेक जागा झाला. नाही. तो भजी खात होता. झालं असं, की साहेबांची उरलीसुरली शंका घालवायला शेठ हसत म्हणाले, "आणि साहेब, हा फोटोवाला पण तसलाच. ह्याला धड काम येत नाय. काहीतरी डाग पाडून ठेवलेत छापताना."

धड काम येत नाय!

त्यानंतर मी काय बोललो ते लोक मला सांगतात, मला स्वतःला नीट आठवत नाही. म्हणे मी फीत ओलांडून फ्लेक्सला पाठ लावली आणि ओरडलो, "काम येत नाय? दोन मीटर डांबर होतं, शेठ! दोन मीटर! त्यातनं दीड किलोमीटर रस्ता काढलाय मी घरात बसून! साहेब, या इकडं. जोड दाखवा. कुठं जोड दिसतो, बोट ठेवा! ह्या पायवाटेवर चिमूटभर खडी पडली नाय आणि मी असा रस्ता केलाय की तुम्ही सही करायला निघालात!"

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. चारशे माणसांसमोर (बरं, शंभर) ऐकलेलं साहेबांनाही नाहीसं करता येईना. त्यांना जागेवर जाऊन बघावं लागलं. पाऊण तास, चालत. पांढरे बूट घालून शेठही गेले, आणि येताना ते तांबडे होते.

पुढं चौकशी झाली, माझाही जबाब झाला. रस्ता पुन्हा मंजूर झाला. ठेका शेठच्या मेहुण्याला मिळाला. मध्यंतरी एकदा शेठचा फोन आला. मला वाटलं, आता हातपाय मोडायची भाषा. तर ते गोडीत म्हणाले, "विनायकराव, एका समाजमंदिराचं काम आहे. तिसरा फोटो. फक्त ह्या वेळी बेडूक नको." एवढ्या भानगडीतून माणूस हेच शिकला! मी म्हटलं, "शेठ, हल्ली माझा माल वाडीवरून पास करून घ्यावा लागतो." त्यांनी फोन ठेवला.

वाडीनं माझा सत्कार केला. नारळ, टॉवेल, आणि एक कोंबडा. विनायकनं मुद्दाम बेडूक ठेवला, अशी गोष्ट पंचक्रोशीत फिरली. मी ती खोडली नाही. उलट तिला मीठ-मसाला लावला. निडीच्या स्टेशनात मला बघून लोक चहा सांगायचे, आणि मी चहा पीत सांगायचो की तो बेडूक मी तीन गावं हिंडून कसा निवडून आणला.

गेल्या वर्षी रस्ता झाला. ओढ्यापर्यंत झाला, ओढ्यापलीकडचा व्हायचाय. ठमीआजीला पाय दाखवायला रोह्याला न्यायचं होतं. ओढ्यापर्यंत ती काठीनं आली आणि तिथून आम्ही रिक्षात बसलो. आठ माणसं नाहीत, बांबू नाही. ती, मी आणि रिक्षावाला. वेळ बरी आहे असं पाहून मी तिलाही ती गोष्ट सांगायला घेतली. "आजी, तो बेडूक मी मुद्दाम ठेवला होता बरं का. म्हटलं, तुझ्या नजरेतून सुटणार नाही."

आजीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नाय. तुला तो दिसलाच नाय. दिसला असता, तर तू काढला असतास."

एवढ्यात रिक्षा आदळली. रोज जिथं काम थांबवलं होतं तिथं तिथं डांबराला एक उंचवटा राहिला होता, एका दिवसाचं डांबर दुसऱ्या दिवसाच्या डांबरावर चढलेलं. असले जोड माझ्या लादीत असते तर मी धंदा बंद केला असता. मधूनमधून खड्डेही पडायला लागले होते. पुन्हा धाड. पुन्हा धाड. आजीनं एका हातानं दांडा धरला, बाहेर वाकली, डोळे बारीक केले, आणि बोट पुढं आलं.

"ह्यो येगळा," ती म्हणाली. धाड. "ह्यो बी येगळा." धाड. "ह्यो बी येगळा."

रोह्याचा फाटा येईपर्यंत ती मोजत होती. एकही खड्डा परत आला नाही.